सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जुना याशिका

माझ्या मामांनी उमेदीची सगळी वर्षं शहाद्याला फोटो स्टुडिओ चालवला. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, नोकरीच्या अर्जाला लागणारे पासपोर्ट फोटो, सगळं फिल्मवर. असा माणूस जुन्या कॅमेऱ्याविषयी हळवा असेल असं कोणालाही वाटेल. ते तसे नाहीत. फिल्म गेली ते बरं झालं, असं ते शांतपणे आणि कारणं देऊन सांगतात. मी त्यांची भाची. फोटो काढायला शिकले तीच डिजिटलवर, आणि मार्गशीर्षात दत्त जयंतीच्या यात्रेला निघाले की गळ्यात अडकवते तो त्यांच्याच कपाटातला याशिका इलेक्ट्रो ३५. वाद जुना आहे. मागच्या यात्रेत तो घोड्यांच्या बाजारात उभ्या उभ्या झाला आणि रात्री घरी ओट्यावर पुढे चालला. मामा जे बोलले ते माझ्यासारख्या फिल्मवेड्यांनी ऐकायलाच हवं, म्हणून दोन्ही बाजू इथे मांडते.

ज्यांनी ही यात्रा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. इथला दत्त एकमुखी. त्याच्या जयंतीला भरणारी यात्रा घोड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि या बाजाराची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी मानली जाते. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी घोडे राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून येतात. अलीकडे याला जोडून ‘चेतक फेस्टिव्हल’ भरतो. ड्रोन उडतात, रील बनतात, आणि प्रत्येक घोड्याभोवती मोबाइल वर केलेल्या हातांचं कडं असतं.

त्या कड्यात उभी राहून मी याशिकाची खिडकी डोळ्याला लावली, तेव्हा मामांनी सुरुवात केली.

मामा: एक गोष्ट आधी सांग. एका फोटोला किती पडतात?

मी: रंगीत रोल, धुणं, स्कॅनिंग, सगळं धरलं तर तीस-चाळीस रुपये. ब्लॅक अँड व्हाइट घरी धुतला तर वीस-पंचवीस.

मामा: त्या मुलाने आत्ता तू कॅमेरा वर करेपर्यंत वीस फोटो काढले. फुकट. त्यातला एक तरी चांगला येणारच. आम्ही ओर्वोचा रोल नाहीतर उटीच्या कारखान्यातला ‘इंदू’ रोल वापरायचो, आणि लग्नात एकेक फोटो मोजून काढायचो. नवरीच्या मावशीने ‘आमचा पण एक काढा’ म्हटलं की नुसता फ्लॅश उडवायचो, बटण दाबायचो नाही. हे दिवस परत यावेत असं तुला का वाटतं?

मी: दिवस परत यावेत असं नाही वाटत, मामा. मला एवढंच वाटतं की इथे, या गर्दीत, हा कॅमेरा माझ्याकडून चांगलं काम करून घेतो.

मामा: ‘छत्तीसच फोटो आहेत म्हणून मी थांबते, विचार करते’, हेच ना? हे मी बऱ्याच तरुण मुलांकडून ऐकलंय. अगं, मी थांबायचो कारण माझ्याकडे पैसे नव्हते. आमच्या नाइलाजाला तुम्ही आता गुण म्हणायला लागलात.

हा मामांचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे आणि तो मला खरा वाटतो. कमी फोटो काढल्याने कोणी चांगला फोटोग्राफर होत नाही. छत्तीस वाईट फोटो काढता येतात, आणि ते महागात पडतात. म्हणून मी त्यांना थांबण्याविषयी काही न सांगता त्या खिडकीविषयी सांगितलं.

आमच्या समोर एक मारवाडी घोडा बांधलेला होता. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, टवकारले की दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात. घोडेवाला खाली बसून त्याच्या खुरांना तेल चोळत होता. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा मधल्या पिवळसर चौकोनात दोनाऐवजी चार कान होते. रिंग हळूहळू फिरवली. जादाचे दोन कान आडवे सरकत आले, खऱ्या कानांच्या कडेला लागले, आणि मग त्यांच्यात बसले. चाराचे दोन झाले.

मामा: कानावर जुळवलंस?

मी: हो. कडा स्पष्ट होती.

मामा: बरोबर. छाया आडवी सरकते, म्हणून उभी रेघ शोधायची. लगामाचा पट्टा, राहुटीची बल्ली, माणसाच्या नाकाची कड. आडव्या रेघेवर कितीही जुळवलंस तरी कळणार नाही. पुढच्या दोन खिडक्यांत थोडं अंतर ठेवलेलं असतं. मोठीतून तू बघतेस, छोटीतून आलेलं चित्र आरशावरून वळून त्याच डोळ्यात येतं. दोन जागांवरून एकच वस्तू पाहिली की ती थोडी सरकलेली दिसते, आणि किती सरकली यावरून किती लांब आहे ते कळतं. तोफखान्यातली अंतर मोजायची दुर्बीण याच तत्त्वावर चालायची. लेन्सची रिंग आतल्या सगळ्याला जोडलेली असते. छाया खऱ्यावर बसली की लेन्सही बरोबर जागी आलेली असते.

हे सांगताना मामांचा आवाज बदलला होता. फिल्मविषयी त्यांना प्रेम नसलं तरी नीट बनवलेल्या यंत्राविषयी आहे. ‘रेंजफाइंडर’ म्हणतात तो हाच कॅमेरा. जर्मनीत १९२५ मध्ये लायका हा ३५ मिलिमीटर फिल्मचा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि १९३२ मध्ये त्याला हे जुळवायचं यंत्र जोडलं गेलं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात फिरले, गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले, ते लायकावर. लायका तेव्हाही सामान्यांच्या आवाक्यात नव्हता आणि आजही नाही. १९५९ मध्ये निकॉन एफ आल्यावर व्यावसायिक फोटोग्राफर आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्याकडे वळले. रेंजफाइंडर मात्र जपानी कंपन्यांनी घरोघरी पोचवला. लेन्स बदलता न येणारे, पण काच उत्तम असलेले कॅमेरे: याशिका इलेक्ट्रो ३५ हा १९६६ चा, ऑलिंपस ३५ आरसी १९७० चा, कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री १९७२ चा. सोव्हिएत संघातून फेड आणि झॉर्की आले.

आपल्याकडे मध्यमवर्गाच्या हातात होता तो बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री, त्यात अंतर जुळवायची भानगडच नव्हती. याशिका आला की ‘फॉरेनचा’ म्हणून यायचा, बहुतेकदा आखातात नोकरीला गेलेल्या कोणाच्या तरी बॅगेतून. मामांकडचा तसाच आला. लग्नांसाठी त्यांच्याकडे याशिका मॅट १२४ जी होता, छातीशी धरून वरून बघायचा. इलेक्ट्रो त्यांनी घरच्यांसाठी ठेवला.

मामा: यंत्र चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुझ्या मोबाइलमधे चेहरा ओळखून फोकस आपोआप होतो. चार कानांचे दोन करत बसायची गरज काय?

मी: मोबाइलवर मी पडद्याकडे बघते. इथे मी घोड्याकडेच बघते. या खिडकीत फोटोची चौकट पिवळ्या रेघांनी दाखवलेली आहे, आणि रेघांच्या बाहेरचंही दिसतं. घोडेवाल्याचा मुलगा बादली घेऊन उजवीकडून येतोय हे मला तो चौकटीत शिरायच्या आधी कळतं. आणि माझा डावा डोळा कॅमेऱ्याच्या बाहेर मोकळा राहतो. समोरच्याला माझा अर्धा चेहरा दिसतो. तो माझ्याशी बोलत राहतो, मी बोलत राहते, आणि बोलता बोलता बटण दाबलं जातं.

मामा: आवाजही कमी, असं म्हणशील.

मी: हो, आरसा आपटत नाही. लेन्समधलीच पाती उघडतात नि मिटतात.

मामा: चार दिशांनी चार भोंगे लागलेत, पाळणेवाला ओरडतोय, ढोल वाजतोय. तुझ्या शटरचा आवाज कोण ऐकतंय इथे?

या मुद्द्यावर मी गप्प बसले. यात्रेत शांत शटरचं काही कौतुक नाही. ते देवळाच्या गाभाऱ्यात, वर्गात, झोपलेल्या बाळापाशी.

पुढे बाजाराच्या टोकाला एक नुकरा होता. पांढराशुभ्र, नाकपुड्यांभोवती गुलाबी कातडी, शेपटी नीट विंचरलेली. भोवती गर्दी इतकी की मालक सारखा ‘पीछे, पीछे’ म्हणत होता. मी कॅमेरा वर केला आणि मामांनी हात आडवा घातला.

मामा: मीटर काय सांगतोय त्यावर जाऊ नको.

मी: माहीत आहे. एएसए ४०० वरून २०० वर आणलाय.

मामा: कारण सांग.

मी: मीटरला पांढरा-काळा कळत नाही. त्याला सगळं जग करड्या रंगाचं वाटतं. समोर चौकटभर पांढरा घोडा आला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो शटर लवकर मिटवतो. मग नुकरा राखाडी येतो. या कॅमेऱ्यात ॲपर्चर आपण ठेवायचं आणि वेळ तो ठरवणार, त्यात हात घालता येत नाही. म्हणून फिल्मचा वेग खोटा सांगायचा. २०० सांगितला की तो दुप्पट उजेड देतो आणि पांढरा पांढराच राहतो. काळा घोडा असला की उलट, ८०० सांगायचा.

मामा: आणि पुढच्या घोड्याला ४०० वर परत आणायचा. विसरलीस की पुढचे सगळे फोटो जादा उजेडाचे.

हे त्यांनीच मला शिकवलेलं आहे. मोबाइलही हीच युक्ती करतो, पण आत, आपल्याला न सांगता. एक घोडा नीट पांढरा यायला काय करावं लागतं हे हाताला कळलं की उजेडाकडे बघायची सवय लागते, आणि ती नंतर कुठल्याही कॅमेऱ्यावर उपयोगी पडते. जुना स्वस्त कॅमेरा घ्यावा याचं माझ्या दृष्टीने मोठं कारण हे आहे. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर कुमेद घोड्याची लाल-तपकिरी कांती आणि मागचं धुळकट ऊन एकाच करड्या छटेत मिसळू शकतं. तेव्हा बाजूला सरकून त्याच्या मागे सावली कुठे आहे ते शोधावं लागतं. असं शोधत शोधत मी त्या बाजारात जितकी पायी फिरले तितकी मोबाइल हातात असताना कधी फिरले नव्हते.

मग मामा जिंकले, आणि माझ्यादेखत जिंकले.

नुकऱ्याच्या मालकाने मला कॅमेऱ्यासह पाहिलं आणि म्हणाला, “दिखाओ.” मी म्हटलं, यात दिसत नाही, फिल्म आहे. त्याने कॅमेऱ्याची पाठ उलटी करून पाहिली. पाठीवर काळं चामडं, दुसरं काही नाही. त्याला कोणा गिऱ्हाइकाला फोटो लगेच पाठवायचा होता. शेजारचा मुलगा पुढे झाला, त्याने नुकऱ्याला चार पावलं चालवून घेतलं, व्हिडिओ काढला आणि तिथल्या तिथे पाठवून दिला.

मामा: बघ. घोडा चालीवर विकतो. रेवाल चाल कशी आहे, पाय कसा टाकतो, लगाम ओढल्यावर मान कशी करतो. गिऱ्हाईक अंगावरचे भोवरे, खुणा बघतं, देवमन आहे का, पंचकल्याणी आहे का. यातलं काय तुझ्या एका फोटोत येणार? आणि आलं तरी पंधरा दिवसांनी. तोवर बाजार उठलेला असेल, घोडा कुठच्या कुठे गेलेला असेल.

मी: विकण्यासाठी माझा फोटो उपयोगाचा नाही, हे कबूल.

मामा: मग कशासाठी?

मी: तो मघाचा माणूस खुरांना तेल चोळत होता ना, त्यासाठी. त्याचा व्हिडिओ कोणीही काढला नाही, सगळे घोड्याचाच काढत होते.

मामा यावर काही बोलले नाहीत. मीही मुद्दा ताणला नाही, कारण तो माणूस मोबाइलवरही टिपता आला असता. कॅमेरा कोणता होता यामुळे तो दिसला असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की मोबाइल हातात असता तर मीही त्या कड्यात हात वर करून उभी असते. याशिकाला पंचेचाळीस मिलिमीटरची एकच लेन्स आहे, झूम नाही. माणूस हवा असेल तर त्याच्याजवळ जावं लागतं. ऐंशी सेंटिमीटरपेक्षा जवळचं जुळत नाही, म्हणजे हातभराहून थोडं अधिक अंतर ठेवून, ओळख करून घेऊन, विचारून. पळणाऱ्या घोड्यांची शर्यत लांबून टिपायची असेल तर हा कॅमेरा घरी ठेवावा. मामा हे मला दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी ते बरोबर असतं.

संध्याकाळी आम्ही गोडीशेव घेतली आणि तमाशाच्या तंबूकडे गेलो. यात्रेत तमाशाचे फड येतात, आणि खानदेशात ही रात्र अनेकांना घोड्यांपेक्षा प्यारी. तंबूच्या कडेला दिव्याखाली एक बाई आरशात बघून कपाळाला टिकली लावत होत्या. मी विचारलं, त्यांनी मानेनेच हो म्हटलं. लेन्स १.७ वर पूर्ण उघडली. खिडकीत पिवळा बाण पेटला. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा हळू चालणार असल्याची ती खूण. लाल बाण पेटला तर उजेड जास्त आहे असं समजायचं. मी कोपर तंबूच्या दोराला टेकवलं आणि श्वास रोखला.

मामा: हललेला येईल.

मी: येऊ दे.

मामा: संदेश भंडारेंचं तमाशाचं पुस्तक तू पाहिलंस. ते फोटो कॅमेऱ्याने आले असं समजू नको. फडांबरोबर तो माणूस फिरला म्हणून ते आले. तू एका रात्री येणार, दहा मिनिटं उभी राहणार. त्यात फिल्म घातली म्हणून फोटो खोल होत नाही.

हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. जुना कॅमेरा गळ्यात अडकवला की आपण काहीतरी अधिक खरं करतोय असं वाटायला लागतं. तसं काही नसतं. खरं काय ते त्या बाईंशी झालेल्या बोलण्यात असतं, किंवा नसतं.

रात्री ओट्यावर आम्ही रोल धुवायची तयारी केली. इथे मात्र मामांनी मला बोलू दिलं नाही.

मामा: तुम्हाला मेटॉलचं नावही छान वाटतं. माझ्या बोटांना विचार. डेव्हलपरमधे मेटॉल असतं, त्याने माझी बोटं फुटायची, खाजायची. हातमोजे कोण घालत होतं तेव्हा? वीस वर्षं लाल दिव्याखाली, बंद खोलीत, हायपोच्या वासात. एप्रिल-मेमधे इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीस. नळाचं पाणीच पस्तीस अंश. फिल्म धुवायची ती वीस अंशांना. माठाचं पाणी, त्यात बर्फ, त्यात डेव्हलपरची बाटली ठेवून तापमान उतरायची वाट बघायची. जरा घाई केली की इमल्शन मऊ पडायचं, बोट लागलं की निघून यायचं. कोणाच्या तरी लग्नाचं. परत लग्न लावता येतं का? रोल नीट बसला नाही तर अख्खा समारंभ कोरा. त्या भीतीने मला कितीतरी रात्री झोप लागली नाही. डिजिटल आलं आणि मी पहिल्यांदा लग्नात जेवलो.

मी: आत्ता डिसेंबर आहे.

मामा: म्हणून तर म्हणतो, तुझी हौस मार्गशीर्षापुरती ठीक आहे.

बादलीतल्या पाण्यात त्यांनी थर्मामीटर सोडला. एकोणीसच्या पुढे पारा होता. बर्फ नाही, माठ नाही. दत्त जयंतीच्या सुमारास खानदेशातलं रात्रीचं पाणी डी-७६ डेव्हलपरला हवं तसंच असतं. एक लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, सोडियम सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, बोरॅक्स दोन, ही कृती मामांनी न बघता सांगितली. हातमोजे मला घालायला लावले. हायपोत फिल्म पक्की झाल्यावर बोअरच्या जड पाण्याने शेवटचं धुऊ दिलं नाही, वाळताना पांढरे डाग राहतात म्हणून. त्यासाठी डिस्टिल्ड पाण्याची बाटली त्यांनी स्वतः आणून ठेवली होती.

वापरलेल्या हायपोत फिल्ममधली चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतायचा नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवायचा, हेही त्यांचंच म्हणणं. फिल्म वापरणाऱ्या नव्या मंडळींनी इकडे लक्ष द्यावं.

रोल दोरीला लटकवला. मामा खोलीत जाऊन एक पत्र्याची पेटी घेऊन आले. आत पाकिटं, प्रत्येकावर नंबर. सोबत एक रजिस्टर: वर्ष, नाव, गाव, पाकिटाचा नंबर.

मामा: चांदीसाठी जुने निगेटिव्ह विकत घेणारे भंगारवाले फिरायचे. वजनावर पैसे. मी दिले नाहीत. अजून लोक येतात, वडिलांचा एकही फोटो घरात नाही म्हणतात. नाव शोधतो, पाकीट काढतो.

मी: आणि नंतर तुम्ही सीडीवर दिलेली लग्नं?

मामा: त्यातल्या बऱ्याच आता उघडत नाहीत. लोक भांडायला येतात.

मी: मग फिल्म गेली ते बरं झालं असं कसं म्हणता?

मामा: काम म्हणून गेली ते बरंच झालं. माझ्या जागी आज जो मुलगा आहे त्याला ती भीती नाही, ती बोटं नाहीत. तू हौसेने करतेस, तुझ्यावर कोणाच्या लग्नाचा भार नाही, म्हणून तुला गोड लागतं. तेवढं लक्षात ठेव आणि खुशाल कर.

मला हे मान्य आहे. हौसेची चैन आणि पोटाचं काम यांना एका तराजूत तोलू नये. तरीही माझा निकाल याशिकाच्या बाजूने आहे. चार-पाच हजारांच्या या यंत्राने मला अंतर, उजेड आणि माणसाजवळ जाणं, या तिन्ही गोष्टी हाताने करायला लावल्या. धुळीत, गर्दीत तो नेताना जीव मुठीत धरावा लागत नाही. आणि निगेटिव्ह बघायला खिडकीतलं ऊन पुरतं.

तुमच्याही घरात असा एखादा कॅमेरा असेल. कातडी केसमध्ये, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. तो आधी केसबाहेर काढा. कातडं ओल धरतं आणि लेन्सवर बुरशी चढते, घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवा. खालचं झाकण उघडून सेल काढा. इलेक्ट्रोचा मूळ सेल पाऱ्याचा, ५.६ व्होल्टचा, तो आता बनत नाही. ६ व्होल्टचा अल्कलाइन चालतो, पण आकाराने लहान पडतो, म्हणून पुठ्ठ्याची गुंडाळी आणि एक स्प्रिंग लागते. सेल नसताना हा कॅमेरा एकाच वेगावर, सेकंदाच्या पाचशेव्या भागावर चालतो. त्यामुळे ‘चालतो’ म्हणून विकणाऱ्यासमोर सेल घालून, ॲपर्चर बदलून पाहा, मगच पैसे द्या. आत ॲडव्हान्सच्या लिव्हरशी जोडलेला रबराचा एक तुकडा वयाने विरतो, तो बदलणारे कारागीर मुंबईत फोर्ट भागात अजून आहेत. आणि तुमच्या गावातला जुना स्टुडिओ बंद होत असेल तर तिथल्या निगेटिव्हच्या पेट्या भंगारात जायच्या आधी विचारा.

येत्या दत्त जयंतीला सारंगखेड्याला याल तर ४०० चा रोल आणा आणि एक वही आणा. ज्याचा फोटो काढाल त्याचं नाव आणि पत्ता त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्या. प्रिंट काढून पोस्टाने पाठवा. खुरांना तेल चोळणाऱ्या त्या माणसाचा पत्ता राजस्थानातला निघाला, आणि त्याचा प्रिंट मी पाठवला आहे.